पेंग्विन बर्फातच राहतात का? आणि कळपात कोण कोण राहतं? (लेकीच्या चाचणीवरून)

सोनपेठकर
नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे. चाचणीत प्रश्न आला, पेंग्विन कुठे राहतात? तिनं लिहिलं, "पेरू आणि चिली देशात, समुद्राकाठी." फुली. बाजूला लाल पेनानं उत्तर, "बर्फाळ प्रदेशात." लेकीचं म्हणणं असं की मुंबईला राणीच्या बागेत पाटीवर तसंच लिहिलं होतं, मी नीट वाचलंय. दुसरा प्रश्न, कळपात राहणारे पाच प्राणी लिहा. हत्ती, मेंढी, वानर, काळवीट, मुंगी असं लिहिलं. मुंगीला पण फुली.

शाळेत जाऊन भांडायचा माझा इरादा नाही. आमच्या हिचं तर सरळ म्हणणं आहे, बाई सांगतील ते लिही अन् मार्क घे. पण लेकरू दोन दिवस झाले विचारायलंय, मग पाटी खोटी का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

मीच तो
पेरू वाचून बाईंना वाटलं असेल लेकरू मधल्या सुट्टीतला डबा आठवायलंय.

गोदाकाठ
सोनपेठकर, लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, त्या हक्कानं सांगते, तिचं उत्तर बरोबर आहे. राणीच्या बागेतले पेंग्विन हंबोल्ट जातीचे आहेत. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले होते. पण त्या जातीचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथं बर्फ नाही. किनाऱ्याला लागून अटाकामा आहे, जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक. आपल्या मराठवाड्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आपण कायम आभाळाकडे बघत असतो. तिथल्या अरिका गावात वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा सरासरी भरत नाही.

पेंग्विनच्या अठराएक जाती मानतात. त्यातल्या एम्परर आणि अ‍ॅडेली या दोनच पक्क्या अंटार्क्टिकाच्या म्हणाव्यात अशा. बाकीच्या दक्षिण गोलार्धात पसरलेल्या. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, फॉकलंड बेटं, अर्जेंटिना. गॅलापागोस बेटांवरचा पेंग्विन तर थेट विषुववृत्तावर राहतो. तो लाव्हाच्या कपारीत अंडी घालतो, आणि ऊन फार झालं की पंख पुढे धरून पायांवर सावली करतो, नाहीतर पाय भाजतात.

बांगडीवाला
बाई, मग हे वाळवंटाजवळ मरायला कशाला गेले? थंडीचा पक्षी ना तो?

गोदाकाठ
बांगडीवाला, खरा प्रश्न हाच आहे. पेंग्विनला हवा कशी आहे यापेक्षा पाणी कसं आहे त्याची जास्त पडलेली असते. दक्षिणेकडून चिली-पेरूच्या किनाऱ्यानं थंड पाण्याचा प्रवाह वर येतो, हंबोल्ट प्रवाह. वारं किनाऱ्यालगतचं वरचं पाणी आत समुद्रात ढकलतं आणि त्याच्या जागी खालचं थंड, खनिजं असलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात, त्यावर अँकोव्ही नावाची बोटभर मासळी, आणि मासळीवर पेंग्विन, पाणकावळे, पेलिकन, समुद्रसिंह असा सगळा गोतावळा. आता गंमत बघा. पाणी थंड असलं की वरची हवाही गार होऊन खालीच बसते, उंच चढत नाही, म्हणून पावसाचे ढग होत नाहीत. म्हणजे जे पाणी समुद्रात अन्नछत्र चालवतं तेच जमिनीवर वाळवंट करतं.

आफ्रिकेत हाच नकाशा पुन्हा दिसतो. बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह, त्याच्या काठाला नामिब वाळवंट, आणि तिथंच आफ्रिकन पेंग्विन. मुलांना मी फळ्यावर दोन्ही खंडांचे पश्चिम किनारे शेजारी शेजारी काढून दाखवायचे. एकदा दिसलं की विसरत नाहीत.

हंबोल्टचा फोटो कुठं मिळाला तर चोचीच्या बुडाशी बघा. गुलाबी कातडी उघडी दिसेल, तिथं पीस नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती जागा. एम्पररच्या तोंडावर अशी उघडी जागा सापडायची नाही.

अण्णा बालाघाट
बाई, एक भर घालतो. मी कृषी खात्यात नोकरी केली, त्यामुळं हा समुद्र मला खताच्या बाजूनं माहीत आहे. पाऊस नाही म्हणून पेरूच्या बेटांवर पक्ष्यांची विष्ठा धुऊन जात नाही, शेकडो वर्षं साचत राहते. तिला ग्वानो म्हणतात. नत्र आणि स्फुरद भरपूर. १८४० नंतर हे खत जहाजं भरभरून युरोपात जायला लागलं, पेरूचं सरकार काही दशकं त्याच पैशावर चाललं. हंबोल्ट पेंग्विन त्याच थरात बीळ उकरून अंडी घालायचे, आत गारवा राहतो. माणसानं थर खरवडून नेला आणि बिळं उन्हात उघडी पडली. आज ती जात धोक्यात आहे, त्यात याचा वाटा मोठा.

आता मराठवाड्याशी संबंध. १९७२ चा दुष्काळ इथल्या निम्म्या मंडळींनी आईबापांच्या तोंडून ऐकला असेल. मी तेव्हा नऊ वर्षांचा. लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकर, सुकडी, आई खडी फोडायला कामावर. त्याच वर्षी तिकडे पेरूत समुद्र तापला होता. एल निनो. तो आला की थंड पाणी वर यायचं बंद होतं, मासळी खोल जाते किंवा मरते. पेरूची अँकोव्हीची मासेमारी १९७० ला सव्वा कोटी टनांच्या आसपास होती, जगात एक नंबर. दोन-तीन वर्षांत तिचा पाचवा हिस्साही उरला नाही. बेसुमार उपसा आधीपासून चालूच होता, एल निनोनं वरून टोला दिला. समुद्रपक्षी उपाशी मेले. तोच एल निनो बऱ्याचदा आपल्याकडचा पाऊसही ओढतो. म्हणजे आमच्या विहिरीनं तळ गाठला तेव्हा पेंग्विनच्या घरीही चूल पेटत नव्हती, अन् कारण बऱ्याच अंशी एकच.

नाथसागर
अण्णा, नुसत्या या प्रतिसादासाठी धागा वाचनखूण करून ठेवला.

गोदाकाठ
अण्णा, अगदी मान्य. फक्त मुलांसाठी एक पुस्ती जोडते. एल निनो आला म्हणजे आपल्याकडे दुष्काळ ठरलेलाच, असं नाही. १९९७ चा एल निनो फार मोठा होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. १९८२-८३ च्या एल निनोत गॅलापागोसचे पेंग्विन मात्र तीन चतुर्थांश संपले. त्यांना पळायला जागाच नाही, चहूकडून पाणी तापतं.

हुरडाप्रेमी
२०१५ चा पण एल निनोच ना? त्यानंतर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, आणि जुलैत पेंग्विन विमानानं मुंबईला आले. आम्ही लातूरकर तेव्हा घागरी घेऊन रांगेत, अन् टीव्हीवर पेंग्विनसाठी सोळा डिग्रीची खोली. घरोघरी काय काय शिव्या पडल्या ते इथं लिहीत नाही.

मीच तो
पेंग्विनचा काय दोष त्यात. त्यांनी अर्ज केला नव्हता.

सुगरण
मला कळपाचं कुणी सांगा हो. माझा मुलगा पण तिसरीतच आहे. वर्कबुकात पेंग्विन हे कळपात राहणारे दिलेत. का राहतात ते कुठंच नाही.

डॉक्टर गोठा
सुगरणताई, मी जनावरांचा डॉक्टर, पेंग्विनचा नव्हे, पण कळपाचं गणित सगळीकडे सारखं असतं. एकटं राहिलं तर खायला पुरतं पण जीव जातो, घोळक्यात राहिलं तर जीव वाचतो पण खायला वाटेकरी होतात. ज्या जनावराला जे परवडतं ते ते करतं. हॅमिल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९७१ साली हे फार रोखठोक मांडलं. कळपातलं प्रत्येक जनावर दुसऱ्याला आपल्या आणि वाघाच्या मधे ठेवायला बघत असतं, त्या ढकलाढकलीतून कळप दाट होतो. प्रेमबिम नंतर.

एम्पररचं कारण मात्र थंडी. अंटार्क्टिकाच्या ऐन हिवाळ्यात ते अंडी देतात. मादी अंडं नराच्या पायांवर सरकवते, बर्फाला टेकलं तर लगेच गोठायला लागतं, म्हणून ते काम फार जपून चालतं. मग ती समुद्राकडे निघून जाते. नर साधारण पासष्ट दिवस पायांवर अंडं घेऊन, वर पोटाची घडी पांघरून उभा. खाणं शून्य. उणे चाळीस तापमान आणि वारं. हजारो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात आणि मधल्यांची हवा पस्तीस-सदतीस डिग्रीपर्यंत तापते. २०११ मध्ये चित्रीकरण करून अभ्यास झाला त्यात दिसलं, की दर तीस-साठ सेकंदांनी कुणीतरी पाच-दहा सेंटिमीटरचं पाऊल टाकतो आणि ती हालचाल लाटेसारखी पूर्ण घोळक्यातून जाते. त्यातून बाहेरचा आत, आतला बाहेर होत राहतो.

मेंढका
राम राम. आमचं घर धनगराचं, आता मी नोकरीला पण वडील अजून मेंढ्या वळतात. डॉक्टरांनी थंडीचं सांगितलं, मी उन्हाचं सांगतो. वैशाखात बारा वाजले की मेंढ्या चरणं सोडून गोल करतात. झाड नसलं तरी. प्रत्येक मेंढी आपलं डोकं शेजारणीच्या पोटाखाली घालते. लांबून बघितलं तर नुसत्या पाठी दिसतात, एक पण तोंड दिसत नाही. डोक्याला सावली मिळाली की झालं, पाठीवर लोकर आहेच. पेंग्विन थंडीला गोल करतात अन् आमच्या मेंढ्या उन्हाला. पण मेंढ्यांत पाळीपाळीनं आत-बाहेर काही नाही हां. दांडगी आत, दुबळी कडेला. कडेची तीच लांडग्याला सापडते.

दुसरं, खताचं. अण्णांनी पेरूचं सांगितलं, इकडं शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, रात्रीचे पैसे नाहीतर धान्य देतात. कळपाची किंमत नुसती मटणावर नसते.

सोनपेठकर
मेंढका भाऊ, हे लेकीला वाचून दाखवलं. आता येत्या रविवारी वाड्यावर जायचं म्हणतीय, वाघूर (मेंढ्यांभोवती लावतात ते जाळं) कशी बांधतात ते बघायला.

नाथसागर
सगळे पेंग्विन दाटीवाटीचे शौकीन असतात असंही नाही बरं का. न्यूझीलंडचा पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन झाडोऱ्यात घरटं करतो, आणि शेजारचं घरटं नजरेला पडू नये इतक्या लांब. उलट किंग पेंग्विन साउथ जॉर्जिया बेटावर लाखालाखाच्या वस्तीत. घरटं नाही, खूण नाही, सगळे सारखे दिसतात. आईबाप मासे घेऊन आले की आवाजावरून पिल्लू ओळखतात, अन् पिल्लू त्यांना. अ‍ॅडेली दगडगोट्यांचं घरटं करतात आणि शेजाऱ्याचा गोटा बिनदिक्कत चोरतात.

तुम्हाला इतक्या लांब जायचं नसेल तर हिवाळ्यात पैठणला या. जायकवाडीच्या पाण्यावर रोहित असतात, चक्रवाक असतात, पट्टकादंब हंस असतात. हे हंस हिमालय ओलांडून येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, चुकायचं नाही. आणि त्याहून जवळचं म्हणजे भोरड्या, त्या गुलाबी मैना.

हुरडाप्रेमी
भोरड्यांचं नाव काढू नका. ज्वारी निसवून दाणा दुधात आला की टपकल्याच. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवून खांदा निखळायची वेळ येते. इकडून उठवल्या की तिकडच्या रानात, तिकडच्यानं उठवल्या की परत इकडं.

नाथसागर
हाहा, पण त्याच भोरड्या उन्हाळ्यात मध्य आशियात जाऊन टोळ खातात, तिकडचे शेतकरी त्यांना दुवा देतात. संध्याकाळी बाभळीवर उतरायच्या आधी हजारोंचा थवा आभाळात फिरतो ना, एकदाही एकमेकींवर आदळत नाहीत. त्यांच्या नात्यातल्या युरोपियन मैनांवर रोममध्ये अभ्यास झाला, २००८ साली छापून आला. प्रत्येक पक्षी फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. पूर्ण थव्याचा म्होरक्या असा कुणी नसतोच.

काठीवाला
कळपाला म्होरक्या नाही हे पटत नाही. वानरांना हुप्प्या असतोच की. आणि लांडगे, तरस, सगळ्यांत एक दादा असतो.

डॉक्टर गोठा
काठीवाले, एकेकाचं वेगळं आहे. लांडग्यांची टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची मोठी झालेली पोरं, साधं कुटुंब. हत्तींच्या कळपात म्हातारी हत्तीण पुढं, नर वयात आले की बाहेर. सिंहांत सिंहिणी मायलेकी-बहिणी, नर येऊन-जाऊन. गीरच्या सिंहांत तर नर एरवी माद्यांबरोबर राहतच नाहीत, मोठी शिकार किंवा जुगण्यापुरते येतात. आणि तुम्ही म्हणता तो तरस आफ्रिकेतला ठिपक्यांचा. त्यांच्या टोळीत मादी वरचढ. आपल्या बालाघाटात रात्री रस्त्यावर दिसतो तो पट्टेरी, बहुतेक एकटाच हिंडतो.

काठीवाला
आमच्या शिवारात तीन दिसले होते एका वेळी. मी बघितलेत.

डॉक्टर गोठा
मेलेल्या जनावरावर असतील, नाहीतर मादी आणि पिल्लं. तिथं जमतात.

काठीवाला
असेल. पण तीन होते.

परळीची पोरगी
वानरांचा विषय निघालाच आहे तर, २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावची बातमी आठवते का? वानर कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर अन् माळवदावर नेत होते. देशभरच्या चॅनेलवर वानर विरुद्ध कुत्रे असं युद्ध रंगवलं. शेकडो कुत्री मारली म्हणे. वानरं खरंच बदला घेतात का?

डॉक्टर गोठा
बदला वगैरे चॅनेलवाल्यांचा माल. तिथं वन खात्यानं पकडून नेली ती दोन वानरं, कळप नव्हे. आणि आकडा ज्यानं त्यानं आपापल्या मनानं फुगवला. वानर पिल्लू उचलतं, उवा वेचतं, मांडीवर घेतं. चावत नाही. पण पिल्लाला वर दूध कोण पाजणार? उपाशी मरतं नाहीतर पडून मरतं. गावाला मेलेलं पिल्लू तेवढं दिसतं.

आता हुप्प्याचं. वानरांत माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर वयात आला की हाकलला जातो. असे हाकललेले नर आपली वेगळी टोळी करून हिंडतात आणि कधीतरी एखाद्या हुप्प्यावर चाल करतात. नवा हुप्प्या आला की आधीच्याची तान्ही पिल्लं मारू शकतो. सुगियामा नावाच्या जपानी संशोधकानं १९६० च्या दशकात हे नोंदवलं, कुठं माहितीय? धारवाडला. तोवर वानर म्हणजे शांत प्राणी असाच समज होता. लेकरांना हा भाग सांगायची घाई नको.

सुगरण
वाचून बसले मी. बरं झालं आधी स्वतः वाचलं.

सोनपेठकर
आणि मुंगीचं काय, डॉक्टर? फुली बरोबर का चूक?

डॉक्टर गोठा
मी गुण दिले असते. मुंग्या, मधमाश्या, वाळवी यांच्याइतकं घट्ट एकत्र राहणं हत्तीलाही जमत नाही. मुंगीच्या वारुळात कामकरी सगळ्या माद्या, बहुतेक एकाच राणीच्या लेकी, स्वतः सहसा अंडी घालत नाहीत. अजिंठ्याच्या कड्यावर आग्यामोहोळ बघितलंय का? लांबूनच बघा. गांधीलमाशी जवळ आली की वरच्या थरातल्या माश्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात, पोळ्यावर लाट पळते, गांधीलमाशी बिचकून मागे फिरते. एकट्या माशीला हे कुठून जमणार.

काळविटाचंही लेकीला सांगा, बरोबर लिहिलंय तिनं. माद्या-पाडसं एका कळपात, तरणे नर वेगळ्या कळपात, आणि दांडगा काळा नर आपला तुकडा धरून एकटा उभा. एकाच माळावर तीन तऱ्हा. रोह्यांचंही (नीलगाईंचंही) थोडंफार तसंच. हरभऱ्यात घुसतात त्यांना मात्र कुठली तऱ्हा लागत नाही.

तुषार सिंचन
एक शंका राहिली. थंड पाणी अन् मासेच पाहिजेत तर उत्तरेकडे काय कमी आहे? नॉर्वे, आइसलंड, सगळीकडे मासे. तिकडं पेंग्विन का नाहीत? पांढरी अस्वलं खातात म्हणून?

गोदाकाठ
अस्वल आणि पेंग्विन कधी समोरासमोर आलेच नाहीत. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिणेचे, मधे अख्खी पृथ्वी. चित्रात दोघं शेजारी काढतात ते चुकीचं, हे सुद्धा मुलांना सांगा. पेंग्विन घडले दक्षिणेत. न्यूझीलंडमध्ये सहा कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे जीवाश्म मिळालेत. उत्तरेला यायचं तर मधे विषुववृत्ताचं कोमट पाणी लागतं, त्यात त्यांना पुरेल इतकी मासळी नाही, आणि उडून ओलांडायची सोय नाही. गॅलापागोसवाले तिथवर पोचले ते थंड प्रवाहाच्या बोटाला धरून. त्यांतले थोडे इसाबेला बेटाच्या उत्तर टोकाला, विषुववृत्ताच्या जरासे वर राहतात. उत्तर गोलार्धातले रानातले पेंग्विन म्हणाल तर तेवढेच.

माणसानं नेऊन सोडून बघितलं होतं. १९३६ साली नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर किंग पेंग्विन सोडले, पुढे आणखी एक-दोन जाती सोडल्या. काही वर्षं अधूनमधून कुणाला तरी दिसत राहिले. १९४० चं दशक संपता संपता तेही दिसेनासे झाले. वस्ती काही बसली नाही.

तुषार सिंचन
धन्यवाद बाई. शंका फिटली.

मेंढका
सोनपेठकर, रविवारी येणार असाल तर सकाळी आठच्या आत या. नंतर मेंढ्या रानात जातात. सध्या वडील गंगाखेडच्या बाजूला आहेत, नेमकं रान व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. येताना कुत्र्याला बिस्किटं आणा, नाहीतर आत येऊ देत नाही तो.